मोठ्या बोरच्या रिव्हॉल्व्हरची लाथ : हात कसा वाचवायचा, नेम कसा राखायचा

तासगावकडचा एक मुलगा सध्या टेक्सासमध्ये नोकरीला आहे. त्याने मला जे विचारलंय ते थोडक्यात असं : "काका, इथल्या मित्रांबरोबर मी रानडुकरांच्या शिकारीला जातो. त्यासाठी .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घेतलं. दिवसभर कमरेला जाणवू नये म्हणून मुद्दाम हलकं निवडलं. पहिल्याच दिवशी बारा गोळ्यांत मधल्या बोटाचं पेर फुटून रक्त आलं, अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला, रात्रभर बोटांना मुंग्या येत राहिल्या. पंधरा यार्डांवर गोळ्या डावीकडे खाली पडतात. आता तर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. मी बारीक चणीचा आहे, म्हणून होतंय का हे? हात मजबूत करू, की रिव्हॉल्व्हर विकून टाकू?"

बाळा, आधी त्या मुंग्यांचं बोलतो, कारण बाकी सगळं नंतर शिकता येतं. मुंग्या येणं म्हणजे हातातल्या नाजूक शिरेला, नर्व्हला, मार बसला असावा. दोन-तीन आठवडे मॅग्नमची एकही गोळी झाडू नकोस. बोटं बधिर राहिली किंवा रात्री झोपेतून उठवायला लागली तर हाताच्या डॉक्टरला दाखव आणि कारण खरं सांग. अंगठ्याच्या मुळाचा सांधा एकदा झिजला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. मी ॲरिझोनात तेरा वर्षं होतो, तिथल्या रेंजवर मोठ्या बोरची, म्हणजे जाड गोळीच्या रिव्हॉल्व्हरांची, हौस केलेली चांगली दणकट माणसं पन्नाशीनंतर चहाचा कप दोन्ही हातांनी धरताना पाहिली आहेत. दुखणं सहन करणं हा या खेळातला पराक्रम नाही.

आता चणीचं. तुझी चण आणि ही लाथ, म्हणजे गोळी सुटताना मागे बसणारा धक्का, यांचा संबंध तुला वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. माझ्याकडे साताऱ्यात शिकायला आलेल्यांत तालमीतले गडीही होते आणि बारीक मुलीही. पहिल्या दिवशी जास्त दचकतात ते बहुधा गडीच. ते धक्क्याशी झोंबायला जातात, सगळी ताकद चापाबरोबर आवळतात. मुलींना झोंबायची सवय नसते, त्या सांगितलं तसं उभ्या राहतात.

ढोबळ हिशेब मांडू, म्हणजे दोष कुठे आहे ते दिसेल. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची. ती सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने नळीबाहेर पडते. मागोमाग दीडेक ग्रॅम दारूचा वायू गोळीच्या तिप्पट वेगाने सुटतो, आणि लाथेतला जवळजवळ चौथा हिस्सा एवढ्याशा दारूचा असतो. रिव्हॉल्व्हर १.३५ किलोचं असेल तर ते सुमारे २४ ज्यूल ऊर्जा घेऊन तुझ्या हातात मागे येतं. तीच गोळी, तोच वेग, पण रिव्हॉल्व्हर ७०० ग्रॅमचं असेल तर हा आकडा ४६-४७ ज्यूलवर जातो. वजन अर्धं केलं की लाथ दुप्पट होते, आणि मागे येण्याचा वेगही दुप्पट होतो. खरी मेख या वेगात आहे. आपल्या बारा बोरच्या बंदुकीची लाथ ३५ ज्यूलच्या पुढे जाते, तरी जावळी-पाटणकडचा परवानाधारक शेतकरी ती खांद्यावर सहज झेलतो. बंदूक तीन किलोच्या वर असल्यामुळे ती सावकाश येते, आणि दस्ता तळव्याएवढ्या जागेवर टेकतो. तुझ्या हातात त्याहून जास्त ऊर्जा अडीचपट वेगाने, अंगठ्याच्या बेचक्यातल्या दोन बोटं रुंद जागेवर आदळते. इकडे नागरिकांच्या परवान्यावर सर्रास दिसतं ते .३२चं रिव्हॉल्व्हर याच हिशेबाने दोन ज्यूलसुद्धा देत नाही. तू गावाकडे चुलत्याचं .३२ हातात घेऊन पाहिलं असशील, तर त्या अंदाजावर .४४ निवडणं साहजिक होतं. पण या दोन्हींत बैलगाडी आणि ट्रकचा फरक आहे.

म्हणून पहिलं उत्तर : हे रिव्हॉल्व्हर शिकण्यासाठी चुकीचं आहे. विकायलाच हवं असं नाही, पण शिकायला दुसरं घे. ज्यांनी हे बोर आणलं त्यांनीही ते हलक्या चौकटीसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या हलक्या सांगाड्यासाठी, आणलं नव्हतं. एल्मर कीथ नावाचा आयडाहोचा शिकारी वर्षानुवर्षं .४४ स्पेशल या त्याच मापाच्या जुन्या, सौम्य काडतुसात जास्त दारू भरून वापरायचा आणि कारखानदारांच्या मागे लागलेला असायचा. १९५०च्या दशकाच्या मध्यात .४४ मॅग्नम आलं ते स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कारखान्याच्या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या चौकटीत. पुढे २००३ मध्ये त्याच कारखान्याने .५०० मॅग्नम काढलं तेव्हा नवी, आणखी मोठी चौकट करावी लागली. तिचं लांब नळीचं मॉडेल दोन किलोचं भरतं. गोळी वाढवली की वजन वाढवायचं, ही बनवणाऱ्यांची अक्कल विसरून आपण खिशाला सोयीचं शोधतो.

वजन बदलता येत नसेल तर काडतूस बदल. तुझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल चालतं. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, थोडी आखूड असते, बाकी माप तेच. साध्या स्पेशलची लाथ १.३५ किलोच्या रिव्हॉल्व्हरमध्ये साडेसहा ज्यूलच्या आत येते, तुझ्या हलक्यात बारा-तेरा. पहिले दोन महिने दुसरं काही झाडू नकोस. एक काळजी मात्र घे. आखूड पुंगळी वापरल्यावर सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या, घरांत पुढे काजळीचं कडं बसतं. मॅग्नम भरण्याआधी ते ब्रशने साफ केलं नाही तर लांब पुंगळी नीट बसत नाही किंवा झाडल्यावर अडकते. आणि तिकडे कोणी घरी काडतुसं भरून देतो म्हणाला तर नको म्हण. मॅग्नमच्या सावकाश जळणाऱ्या काही दारू अशा असतात की त्यांची मात्रा मनाने कमी करणंही धोक्याचं असतं. कमी दारू म्हणजे सुरक्षित, हा आपला समज तिथे चालत नाही.

आता मूठ. हे तुला सगळ्यात सविस्तर सांगायचंय, कारण तुझी तिन्ही दुखणी मुठीचीच आहेत.

पेर फुटलं त्याचं कारण चापाच्या कडीमागची, म्हणजे चापाभोवतीच्या लोखंडी कड्यामागची, मोकळी जागा. मूठ बारीक असली की मधलं बोट कडीला चिकटून बसतं आणि धक्क्याबरोबर कडीची मागची कड हातोडीसारखी पेरावर बसते. ही जागा भरून काढणारी रबरी मूठ मिळते, ती बसव. पाठीमागचा लोखंडी पट्टा पूर्ण झाकणारी, आत मऊ थर असलेली मूठ असेल तर बेचक्यालाही आराम पडेल.

अंगठ्याचा ठणका वेगळ्या चुकीचा आहे. मी न पाहता सांगतो : तुझी बोटं आखूड आहेत आणि डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे चापानेच घोडा उचलून गोळी सोडताना, चापापर्यंत बोट पोचावं म्हणून तू रिव्हॉल्व्हर हातात थोडं फिरवून धरतोस. त्यामुळे नळी कोपरापासून येणाऱ्या हाडाच्या रेषेत राहत नाही आणि सगळा धक्का बेचक्याच्या मांसात न जाता अंगठ्याच्या सांध्यावर जातो. आरशासमोर रिकामं रिव्हॉल्व्हर धरून बघ. नळी, मनगट आणि कोपर वरून एका ओळीत दिसले पाहिजेत. ओळीत धरल्यावर बोट चापावर पुरत नसेल तर डबल ॲक्शन सोडून दे. डाव्या हाताच्या अंगठ्याने घोडा, म्हणजे मागची हातोडी, मागे ओढून ठेव, मग चाप बराच मागे येतो आणि आखूड बोटालाही पुरतो. शिकारीत तसंही बहुतेक जण घोडा ओढूनच मारतात.

मूठ कुठे धरायची? डबल ॲक्शनच्या रिव्हॉल्व्हरवर जेवढी वर धरता येईल तेवढी, पाठीवरच्या उंचवट्याखाली बेचकं घट्ट बसवून. नळी हातापेक्षा जितकी उंच, तितकं नळीचं तोंड वर उसळणार. खाली धरलंस तर तू स्वतःच धक्क्याला तरफ देतोस.

किती आवळायचं, हे शब्दात सांगणं अवघड. पण तू सांगली जिल्ह्यातला आहेस, म्हणून ऊसतोडीचा कोयता आठव. नवखा माणूस कोयता सगळ्या बोटांनी आवळतो आणि दुपारपर्यंत खांदा धरून बसतो. जुना तोडकरी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मूठ पक्की ठेवतो, मनगट मोकळं ठेवतो. तरी घाव बसताना मूठ हातात घसरत नाही. रिव्हॉल्व्हरचंही तसंच. साल निघते ती जोराने नव्हे, घसरण्याने. म्हणून मूठ इतकीच आवळ की ती हातात हलणार नाही. आवळून पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, थरथरायला लागली की थोडं सोड. जास्तीचा जोर डाव्या हाताने दे. डावा हात उजव्याच्या बोटांवर पुढून गुंडाळ आणि किंचित मागे ओढून धर. उजव्याला चापाचं काम आहे, त्याला मोकळं राहू दे. आणि जो जोर पहिल्या गोळीला, तोच सहाव्या गोळीला. तो प्रत्येक वेळी बदलला तर गोळ्या वर-खाली पसरतात.

डाव्या हाताचा अंगठा कुठे ठेवायचा, यावर मी कडक बोलतो. आजकाल पिस्तूल शिकलेली मुलं दोन्ही अंगठे पुढे नळीकडे सोडतात. रिव्हॉल्व्हरवर ते कधीही करायचं नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यात केसाएवढी, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी फट असते. तिथून बाजूला तापलेला वायू आणि शिशाचे कण सुरीसारखे सुटतात. मी ॲरिझोनात लोखंडी प्राण्यांच्या आकृत्या पाडायच्या सामन्यांत उतरायचो. कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १००, टर्की १५० आणि मेंढा २०० मीटरवर, एकूण चाळीस गोळ्या. आमच्यातले बरेच जण उताणं पडून, रिव्हॉल्व्हर पायाला टेकवून नेम धरायचे. त्यासाठी पायावर जाड चामड्याचा पट्टा बांधावा लागायचा. माझ्या पट्ट्यावर एका हंगामात त्या फटीने खोल काळी खाच पाडली होती. चामड्याचं जे झालं ते बोटाचं व्हायला एक गोळी पुरते. .५००सारख्या बोरमध्ये बोटाचा तुकडा गेल्याच्या घटना घडल्या आहेत. डावा अंगठा उजव्या अंगठ्याच्या नखावर आडवा ठेव, खाली, मागे.

उभं राहायला तुला शिकवायची गरज पडू नये. तालमीत समोरचा पट काढायला येतो तेव्हा आपण ताठ उभे राहत नाही, भार पुढच्या पायावर, कंबर थोडी खाली, छाती पुढे. तसंच उभं राहा. नवखा माणूस मागे रेलतो, अंग आपोआप आवाजापासून दूर जातं, मग धक्का बसला की तो टाचांवर जातो. कोपरं कुलूप लावल्यासारखी ताठ ठेवू नकोस, किंचित वाकवलेली असू देत. ताठ कोपरातून धक्का थेट कोपराच्या आणि खांद्याच्या सांध्यात जातो. वाकवलेल्या कोपरात रिव्हॉल्व्हर वर उसळतं आणि ऊर्जा त्या उसळण्यात खर्च होते. उसळू दे त्याला. गोळी तोपर्यंत कधीच गेलेली असते. खाली आणायची घाई करू नकोस, ते वर जाऊन स्वतः थांबतं, मग सावकाश निशाणावर परत आण.

टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून नेम तपासताना लाथ जास्त लागते, हेही लक्षात ठेव. अंग टेबलात अडकलेलं असतं, त्याला मागे जायला वाव नसतो. तिथे फक्त मनगटामागचा हात पिशवीवर टेकव, रिव्हॉल्व्हर आणि मूठ मोकळी ठेव.

डावीकडे खाली जाणाऱ्या गोळ्यांचं कारण साइट नाही. साइटला हात लावू नकोस. उजव्या हाताचा माणूस धक्क्याच्या भीतीने चापाबरोबर सगळी मूठ आवळतो आणि नळीचं तोंड खाली डावीकडे ढकलतो, गोळी सुटायच्या आधी. याला आम्ही फ्लिंच म्हणायचो, मी दचक म्हणतो. तुझे डोळे मिटतात तीही तीच. हे पळपुटेपण नाही, शरीराची शहाणी प्रतिक्रिया आहे. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर स्फोट होतो म्हटल्यावर शरीराने दुसरं काय करावं?

ही मलाही लागली होती, जवळजवळ वर्षभर. सामन्याच्या नादात आठवड्याला दीड-दोनशे मॅग्नम झाडायचो आणि आकृत्या का पडत नाहीत म्हणून दर रविवारी काडतुसं बदलायचो. शेवटी रेंजवरच्या एका वृद्ध यंत्रकामगाराने माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, सहा घरांतल्या तीन घरांत रिकाम्या पुंगळ्या भरल्या, सिलिंडर फिरवून बंद केलं आणि परत दिलं. मी चाप ओढला, घोडा टक् करून पडला, आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं. मी आयुष्यात इतका ओशाळलो नव्हतो. पण त्या क्षणी रोग दिसला. रिव्हॉल्व्हरमध्ये हा उपाय फार सोपा आहे. मित्राला सांग भरून द्यायला, तुला कळता कामा नये कुठलं घर भरलेलं आहे. प्रत्येक टक् वर साइट हलली नाही पाहिजे. सलग दहा टक् स्थिर आले की मग भरलेल्यांची संख्या वाढव. एक लक्षात ठेव : टक् आवाज आला तरी नळी निशाणाकडेच धरून तीस सेकंद थांबायचं. ते काडतूस उशिरा पेटणारं खरंही असू शकतं.

दचकेचा अर्धा भाग आवाजाचा असतो, हे लोकांना पटत नाही. कानात बोळे आणि वरून हेडफोनसारखी कानझाकणी, दोन्ही एकदम लाव. फक्त एवढ्यानेच कित्येकांची दचक अर्ध्यावर आलेली मी पाहिली आहे. आवाज कमी झाला की मेंदूला लाथही कमी वाटते. छताखालच्या बंद रेंजवर मॅग्नम शिकू नकोस, शेजारच्याचा धमाका तुझ्या छातीत वाजतो. नळीला वर भोकं पाडून घेतली की उसळी कमी होते हे खरं, पण धमाका आणि चमक वाढते. त्यामुळे नवख्याला मी ती कधी सुचवत नाही. बोटं कापलेला, तळव्यात मऊ गादी असलेला हातमोजा मात्र जरूर घाल. त्यात कमीपणा नाही.

सरावाची पद्धत सांगतो. रोज घरी दहा मिनिटं, तीनदा तपासून रिकामं केलेलं रिव्हॉल्व्हर, काडतुसं दुसऱ्या खोलीत. सिलिंडरच्या घरांत नकली काडतुसं घालून, पुढच्या साइटमागे सपाट जागा असेल तर नाणं ठेव आणि नाणं न पाडता चाप ओढ. रेंजवर जाशील तेव्हा .२२चं रिव्हॉल्व्हर बरोबर असू दे. पन्नास गोळ्या .२२, मग स्पेशल वीस, आणि दोन महिन्यांनंतर मॅग्नम बारा. कधीही मॅग्नमवर दिवस संपवायचा नाही, शेवटच्या दहा गोळ्या पुन्हा .२२च्या. शरीर शेवटचं जे घडलं ते लक्षात ठेवून घरी जातं. ज्या दिवशी दोनदा दचकलास तो दिवस संपला, पेटी बंद कर.

मॅग्नमला परत जाशील तेव्हा पहिल्या दिवशी सिलिंडरमध्ये एकच काडतूस. मोठ्या बोरमध्ये धक्क्याने मूठ हातात फिरते, घाबरलेलं बोट चापावर पुन्हा आवळतं आणि दुसरी गोळी आकाशाकडे किंवा मागे सुटते. कोणी हौसेने ".५०० मारून बघ" म्हणत भरलेलं हातात देऊ लागला तर घेऊ नकोस. एक भरून दे म्हण.

हलक्या रिव्हॉल्व्हरची आणखी एक खोड : लाथ एवढी जोराची असते की न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. डुक्कर अंगावर आल्यावर हे कळायला नको. पाच गोळ्या झाडून सहावं काडतूस बाहेर काढून त्याची लांबी न झाडलेल्या नव्याशी ताडून बघ. वाढलेली दिसली तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद.

तिकडे एखाद्याचं जुन्या काऊबॉय धाटणीचं सिंगल ॲक्शन, म्हणजे दर वेळी घोडा हाताने ओढावा लागतो ते, मिळालं तर तेही हातात घेऊन बघ. त्याची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते आणि धक्क्याबरोबर तळव्यात वर फिरते. काहींना ते फार सुखाचं वाटतं. त्यात मूठ फार वर आणि फार आवळून धरायची नाही, करंगळी मुठीखाली दुमडून फिरू द्यायचं. माझ्या हाताला मात्र ते कधी मानवलं नाही. चौकोनी पाठीच्या कडीने माझंही पेर तुझ्यासारखंच फोडलं होतं.

ताकदीचं तू विचारलंस. मनगट आणि पकड यांचा व्यायाम जरूर कर, त्याचा फायदा शेवटच्या गोळ्यांना दिसतो, हात थकत नाही. घरात मुद्गल असेल तर हलका घे आणि रोज फिरव, त्याने पकड, मनगट आणि खांदा एकत्र काम करायला शिकतात. पण मुंग्या पूर्ण थांबल्याशिवाय नाही.

माझं मत विचारशील तर तू १.२ ते १.४ किलोचं, सहा इंची नळीचं एखादं वापरलेलं .४४ किंवा त्याहून लहान बोरचं .३५७ मॅग्नम शोध. टेक्सासमध्ये जुनी चांगली रिव्हॉल्व्हरं मिळतात. घेण्याआधी रबरी मूठ लावून नळी-मनगट-कोपराची ओळ जमते का ते बघ. .३५७मध्ये .३८ स्पेशलही चालतं, म्हणजे सराव स्वस्त. जवळून मारणार असशील आणि गोळी चांगली निवडलीस तर डुकराला .३५७ पुरतं. हलकं .४४ कपाटात ठेव, वर्षभराने पुन्हा हातात घे.

दिवाळीला गावाकडे येणार म्हणालास. रिव्हॉल्व्हर अर्थातच तिकडेच राहील, इथल्या परवान्याशिवाय ते आणायचा विचारही करू नकोस. नुसता रिकाम्या हाताने साताऱ्याला ये. माझ्याकडे मुलांच्या सरावाची एअर पिस्तुलं आहेत आणि कुऱ्हाडीचे दोन दांडे आहेत, एक बारीक, एक जाड. बारीक दांड्याने दहा घाव घालून हाताला किती झिणझिण्या येतात आणि जाडाने किती, हे तुझ्या तळव्याला आधी कळू दे. मग अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सकाळी तासभर तुझी मूठ बघतो. नवं रिव्हॉल्व्हर त्यानंतर परत जाऊन घे, आधी नको.